जिन घर, जिन तख्त : खानदेशातून निघालेल्या एका राजचिन्हाची गोष्ट

पोर्श गाडीच्या बॉनेटवरचा लोगो कधी झूम करून बघा. मधोमध एक छोटी पिवळी ढाल दिसेल. तिच्यावर मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला काळा घोडा आणि त्याच्या डोक्यावर 'श्टुटगार्ट' हे नाव. हा घोडा मुळात पोर्शचा नाही. तो श्टुटगार्ट या जर्मन शहराचा आहे. पोर्शनं १९५२ मध्ये आपला लोगो बनवताना तो शहराच्या चिन्हातून उचलला.

शहरानं तो कुठून आणला? दहाव्या शतकात तिथे घोड्यांची पैदास व्हायची. जुन्या जर्मन भाषेत अशा जागेला जे म्हणत, त्याचा अर्थ साधारण 'घोड्यांची बाग'. त्या शब्दाचं झालं श्टुटगार्ट. पुढे गाव वाढलं, नगरपरिषद आली, कागदांवर उमटवायला शिक्का हवा झाला. तेव्हा नावातच असलेला घोडा शिक्क्यावर आला आणि शिक्क्यावरून ढालीवर. म्युनिकच्या चिन्हावर भिक्षू आहे, कारण त्या नावाचा अर्थच भिक्षूंचं ठिकाण. बर्लिनच्या चिन्हावर अस्वल आहे. युरोपातल्या लहानमोठ्या गावांना अशी स्वतःची चिन्हं आहेत. त्यातल्या बऱ्याच चिन्हांमध्ये त्या गावानं स्वतःबद्दल काय लक्षात ठेवायचं ठरवलं, ते दिसतं.

मी जळगावचा. श्टुटगार्टबद्दल वाचताना पहिला प्रश्न आपल्याच भागाबद्दल पडला. खानदेशात घोडे कमी नव्हते. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो आणि लांबलांबचे व्यापारी तिथे येतात. मग या घोड्याचं आपल्याकडे एखादं चिन्ह झालं का?

झालं. पण ते जळगावात, धुळ्यात किंवा नंदुरबारात सापडत नाही. ते बडोद्याला आहे. गायकवाडांच्या राजचिन्हाचं ब्रीदवाक्य आहे 'जिन घर, जिन तख्त'.

जीन म्हणजे काय?

आमच्याकडे 'जीन' म्हटलं की आधी कापूस आठवतो. जळगाव-धुळ्यात जीन म्हणजे सरकी काढायचा कारखाना. 'कापूस जीनवर घातला' हे वाक्य आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात दर हंगामात ऐकू येतं. हा शब्द इंग्रजीतून आला. पण मराठीत त्याच्याही खूप आधीपासून फारसीतून आलेला दुसरा 'जीन' आहे. तो म्हणजे घोड्याच्या पाठीवर कसायचं खोगीर. ब्रीदातला 'जिन' तो. खोगीर हेच आमचं घर, खोगीर हेच आमचं सिंहासन.

पहिल्यांदा वाचताना हे वाक्य एखाद्या सिनेमातल्या डायलॉगसारखं वाटतं. राजांची ब्रीदं तशीच असतात, मोठ्या आवाजातली. पण गायकवाडांच्या सुरुवातीच्या वर्षांचा इतिहास वाचला की लक्षात येतं की या ब्रीदात अतिशयोक्ती फार कमी आहे. एके काळी त्यांना खरंच दुसरं घर नव्हतं. आणि तो काळ खानदेशातला आहे.

नवापूर ते सोनगड

गायकवाड मूळचे पुणे जिल्ह्यातल्या खेडजवळच्या दावडीचे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दमाजी गायकवाड हे खंडेराव दाभाड्यांच्या हाताखाली होते. छत्रपती शाहूंनी १७१७ मध्ये दाभाड्यांना सेनापती केलं. बागलाण, खानदेश आणि पलीकडचा गुजरात हा त्यांच्या फौजांच्या वावराचा टापू होता. १७२० मध्ये बाळापूरच्या लढाईत दमाजींनी पराक्रम गाजवला. दाभाड्यांच्या शिफारशीवरून शाहूंनी त्यांना 'शमशेर बहादूर' हा किताब दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दमाजी वारले. त्यांची जागा पुतण्या पिलाजीरावांनी घेतली.

पिलाजीरावांचं सुरुवातीचं ठाणं नवापूरला होतं. जळगावहून सुरतेला जाणाऱ्या गाडीत बसलात तर नंदुरबारनंतर नवापूर येतं. त्या स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकावरून राज्यांची सीमा जाते आणि येणारेजाणारे तिथे थांबून सेल्फी काढतात. तीनशे वर्षांपूर्वीही नवापूर असंच उंबऱ्यावरचं गाव होतं. सुरत हे मुघलांचं सगळ्यात श्रीमंत बंदर, आणि सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी रस्ता याच बाजूनं खानदेशात शिरायचा. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये या रस्त्यानं गेला होता. त्यानं नवापूरबद्दल दोन गोष्टी नोंदवल्या : तिथे विणकर खूप आहेत, आणि तिथला बारीक पांढरा तांदूळ कस्तुरीसारखा वास देतो.

अशा रस्त्यावर घोडदळ घेऊन बसणं म्हणजे गुजरातच्या दारात बसणं. ते दार इतर सरदारांनाही हवं होतं. कंठाजी कदम बांड्यांसारखे सरदार याच भागात होते. या चढाओढीत पिलाजीरावांना नवापूर सोडावं लागलं. १७१९ मध्ये त्यांनी पश्चिमेला डोंगरातला सोनगडचा किल्ला घेतला. आज रेल्वेनं गेलात तर 'उकाई सोनगड' हे स्टेशन नवापूरच्या पुढे लागतं. गायकवाडांचं पहिलं टिकाऊ ठिकाण हेच. बडोदं त्यांच्याकडे कायमचं आलं ते १७३४ मध्ये, पिलाजीरावांचे चिरंजीव दुसऱ्या दमाजींच्या काळात. त्याआधी दोन वर्षं, १७३२ मध्ये, डाकोरला पिलाजीरावांचा खून झाला होता.

म्हणजे बडोद्याच्या राजघराण्याला राजवाडा मिळण्याआधी निदान पंधरा वर्षं अशी होती, ज्यात एक ठाणं गेलं, दुसरं मिळालं आणि मधल्या काळात मुक्काम होता तो घोड्यावर. 'जिन घर' हे ब्रीद कधीही शब्दांत बांधलं गेलं असो, त्यातला अनुभव या वर्षांचा आहे. श्टुटगार्टच्या ढालीवर जशी घोड्यांची बाग आहे, तसा बडोद्याच्या ब्रीदात नवापूर-सोनगडचा रस्ता आहे. फरक एवढाच की त्यात नवापूरचं नाव नाही.

खूर आणि तलवार

त्या काळच्या घोडेस्वारांचे मुख्य दोन प्रकार. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची शस्त्रं घेऊन नोकरीला येणारा. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो. आजच्या भाषेत, एक स्वतःचा लॅपटॉप घेऊन येणारा फ्रीलान्सर आणि दुसरा कंपनीचा लॅपटॉप वापरणारा नोकरदार. शिलेदाराचा घोडा लढाईत मेला तर त्याचं भांडवलच संपायचं. दसरा झाला की फौज मुलूखगिरीला निघायची. मृगाचा पाऊस तोंडावर आला की छावणी पडायची. मधले आठ महिने माणूस, घोडा आणि खोगीर यांची फारकत होत नसे.

हे जग गायकवाडांनी स्वतःच्या नाण्यांवर कोरून ठेवलं. बडोदा संस्थानाच्या तांब्याच्या पैशांवर घोड्याचा खूर आणि वाकडी तलवार दिसते. सोबत नागरी अक्षरांत किताब : सेनाखासखेल शमशेर बहादर. आता या छोट्याशा नाण्यावरची एकेक गोष्ट वाचता येते. शमशेर म्हणजे तलवार, म्हणजे बाळापूरनंतर मिळालेला किताब. 'सेनाखासखेल' हा किताब पिलाजीरावांना १७३१ च्या डभईच्या लढाईनंतर मिळाला. त्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना मारले गेले. त्यांच्या लहान मुलाला सेनापतिपद मिळालं आणि त्याचे मुतालिक म्हणून कारभार पिलाजीरावांकडे आला. आणि खूर म्हणजे या सगळ्याचं वाहन.

नाण्यावर देव नाही, सूर्य नाही, सिंह नाही. घराण्याच्या नावाचीही एक आख्यायिका आहे. नंदाजी नावाच्या पूर्वजानं कसायाकडे चाललेल्या गाई कवाड उघडून आत घेतल्या आणि वाचवल्या, म्हणून 'गाय-कवाड', असं सांगतात. युरोपातला चित्रकार असता तर नावात सापडलेली ही गाय आणि दार त्यानं लगेच ढालीवर काढलं असतं. तांब्याच्या पैशांवर मात्र खूरच राहिला.

मराठी सत्तेत ओळख सांगण्याची रीतच वेगळी होती. ती मुख्यतः अक्षरांतून चालायची. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा आठवा. तिच्यावर चित्र नाही, संस्कृत श्लोक आहे. पत्राच्या शेवटी छोटं मोर्तब उमटायचं, त्यावरही अक्षरंच. रणांगणावर ओळख होती ती निशाणाची, भगव्याची, जरीपटक्याची. मुघलांकडून येणारा माही मरातब म्हणजे माशाचं मानचिन्ह असे, ते मिरवणुकीत पुढे चाले. पण ढाल, तिच्या दोन बाजूंना दोन प्राणी, वर मुकुट आणि खाली फितीवर ब्रीद हा आराखडा आपला नव्हता. तो कुठून आला ते पुढे येईलच.

घासदाणा

त्याआधी ब्रीदाच्या दुसऱ्या बाजूला जायला हवं. खोगीर हे ज्याचं घर, त्याच्या घोड्याला रोज चारा कोण घालणार?

याचं उत्तर त्या काळच्या करांच्या नावातच आहे. महसुलाचा चौथा हिस्सा म्हणजे चौथाई. त्यावर दहा टक्के सरदेशमुखी. आणि त्याखेरीज एक वसुली होती, तिचं नाव 'घासदाणा'. घोड्यांचा घास आणि दाणा. ज्या गावाजवळून फौज जाईल त्या गावानं तो द्यायचा. नाव इतकं घरगुती आहे की एखाद्या पाहुण्याची सरबराई वाटावी. पण पाहुणा तलवार घेऊन आलेला असायचा.

खानदेश हा दख्खन, गुजरात आणि माळवा यांच्या मधला रस्ता. त्यामुळे इथून सगळ्यांच्याच फौजा गेल्या. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला. १८०३-०४ मध्ये दुष्काळ पडला. गावंच्या गावं ओस झाली. त्यानंतर पेंढाऱ्यांची धाड. १८१८ मध्ये इंग्रजांच्या वतीनं कॅप्टन ब्रिग्ज इथला कारभार पाहायला आला तेव्हा त्याच्या हाती आला तो मोडलेला मुलूख. त्यानं धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि नव्या पेठेची आखणी केली. धुळ्याचे काटकोनात छेदणारे, सरळ रेषेत आखलेले गल्लीबोळ ही त्याची आठवण.

सोनगडही रिकामं पडलेलं नव्हतं. पिलाजीरावांनी ते मेवासींकडून घेतलं, म्हणजे डोंगरात राहणाऱ्या भिल्लांच्या स्थानिक सत्तेकडून. एका घराण्याला पहिलं घर मिळालं तो दिवस दुसऱ्या कोणाचं तरी घर गेल्याचा होता. कोणत्याही राजचिन्हावर ही बाजू येत नाही. युरोपातल्या ढालींवरही नाही. चिन्ह ज्याचं असतं, आठवण त्याचीच असते.

पिलाजीरावांचं मोठेपण यानं कमी होत नाही. नवख्या सरदारानं, मागे फारसं पाठबळ नसताना, पंधरा वर्षांत राज्याचा पाया घालणं ही लहान गोष्ट नाही. पण 'जिन घर' वाचताना आपण खोगिरावर बसलेलो असतो की घासदाणा देणाऱ्या गावात उभे असतो, हे स्वतःला विचारावं. माझे पूर्वज शेतकरी. ते बहुधा दुसऱ्या जागी उभे असणार.

कवळाण्याचा गोपाळ

दीडशे वर्षांनी या घराण्याची वाट पुन्हा खानदेशाकडे वळली.

पिलाजीरावांच्या प्रतापराव नावाच्या मुलाची शाखा मालेगावजवळच्या कवळाणे गावात स्थायिक झाली होती. राज्य बडोद्याला, आणि ही भाऊबंदकी इकडे शेती करणारी. १८६३ च्या ११ मार्चला या शाखेत काशीरावांच्या घरी गोपाळचा जन्म झाला. कवळाणे आज नाशिक जिल्ह्यात आहे. पण नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये, आणि मालेगाव तालुका त्याला जोडला गेला तो खानदेशातून. म्हणजे गोपाळ जन्मला तेव्हा त्याचं गाव खानदेशात होतं.

१८७५ मध्ये बडोद्यात मोठी उलथापालथ झाली. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपाचं प्रकरण गाजलं आणि इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून मुलं आणली गेली. तुम्ही इथे कशाला आलात, असं विचारल्यावर गोपाळनं 'राज्य करायला' असं उत्तर दिलं, ही गोष्ट आजही सांगितली जाते. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं. बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला. त्याला तोवर लिहिता-वाचता येत नव्हतं. शिकवायला एलियट नावाचे इंग्रज अधिकारी नेमले गेले आणि दिवाण म्हणून सर टी. माधवराव कारभार पाहू लागले.

दीड वर्षातच या मुलाला दिल्लीला जावं लागलं. तिथे त्याला एक राजचिन्ह मिळालं.

टेम्पलेट

१ जानेवारी १८७७. राणी व्हिक्टोरिया 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' झाल्याचं जाहीर करण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं दिल्लीत दरबार भरवला. त्रेसष्ट संस्थानिक आले. प्रत्येकाला भेट द्यायला एक झेंडा तयार ठेवला होता : पाच फूट लांब, पाच फूट रुंद, रेशमी, रोमन सैन्याच्या निशाणाच्या धर्तीवरचा, आणि त्यावर त्या त्या संस्थानाचं राजचिन्ह. पितळी दांड्यांमुळे हे झेंडे इतके जड झाले होते की एक झेंडा पेलायला दोन धिप्पाड हायलँडर सैनिक लागत.

ही राजचिन्हं काढली होती रॉबर्ट टेलर या बंगालच्या सनदी नोकरानं. युरोपीय राजचिन्हांचं शास्त्र हा त्याचा छंद. १८६९ मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरा आणि १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले, त्या निमित्तानं त्यानं काही संस्थानिकांसाठी चिन्हं काढली होती. लिटननं त्यात आणखी सुमारे ऐंशी काढायला लावली.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे टेलरचं काम मला लगेच ओळखीचं वाटलं. त्याच्याकडे एक टेम्पलेट होतं : ढाल, दोन्ही बाजूंचे आधार, वरचा शिरपेच, खालची फीत. त्यात भरायला डेटा हवा होता. तो त्यानं घराण्यांच्या दंतकथा, कुलदैवतं, लढाया आणि भूगोल यांतून घेतला. राजपूत सूर्यवंशी, म्हणून सूर्य. काश्मीरला हिमालयाच्या तीन रांगांसाठी तीन नागमोडी रेघा आणि खोऱ्याच्या सौंदर्यासाठी तीन गुलाब. डेटा देशी, पण स्कीमा परदेशी. आणि सिस्टिममध्ये काय बसू शकतं आणि काय नाही, हे स्कीमाच ठरवतो.

बर्नार्ड कोन या इतिहासकारानं या दरबारावर एक गाजलेला निबंध लिहिला. १९८३ च्या 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' या पुस्तकात तो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की राजचिन्हांच्या या वाटपामुळे हिंदुस्थानातले राजे युरोपीय सरंजामदारांच्या साच्यात बसवले गेले. युरोपात राजा मांडलिकाला ढाल आणि निशाण देई, मांडलिक इमान देई. तेच नातं इथे रेशमावर भरतकाम करून तयार झालं. झेंडा देताना प्रत्येकाला सांगितलं जाई की हा फडकेल तेव्हा राणीच्या सिंहासनाशी असलेलं आपल्या घराण्याचं नातं आठवावं.

सयाजीरावांना त्या दरबारात नवा किताबही मिळाला : 'फर्जंद-ए-खास-ए-दौलत-ए-इंग्लिशिया'. इंग्रज सरकारचा खास पुत्र. दीड वर्षापूर्वी कवळाण्याच्या काशीरावांचा मुलगा बडोद्याला दत्तक गेला होता. आता तेरा वर्षांच्या वयात तो कागदावर पुन्हा एकदा दत्तक गेला. 'शमशेर बहादूर' हा किताब लढाईतून आला होता. 'फर्जंद-ए-खास' हा एका तंबूतून.

त्याच महिन्यांत दख्खनमध्ये १८७६-७८ चा महादुष्काळ चालू होता. आणि त्याच दिल्लीत एक असा माणूस गेला होता ज्याच्याकडे ढाल नव्हती, झेंडा नव्हता. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीनं गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, दरबाराला उपस्थित राहिले ते हातानं कातलेल्या सुताची खादी घालून. सॅटिन आणि जरीच्या त्या गर्दीत तो साधा पांढरा कपडा हेही एक चिन्हच होतं. ते कोणी दिलेलं नव्हतं, त्यांनी स्वतः निवडलेलं होतं.

फिरलेली पाठ

चौतीस वर्षांनी, १२ डिसेंबर १९११ रोजी, दिल्लीत पुन्हा दरबार भरला. या वेळी खुद्द सम्राट पंचम जॉर्ज हजर होते. संस्थानिकांनी एकेक करून पुढे यायचं, लवून मुजरा करायचा आणि सम्राटाकडे पाठ न फिरवता मागे सरकत जायचं, अशी रीत ठरली होती. निजामानंतर दुसरा क्रम सयाजीरावांचा. ते आले. अंगावर दागदागिने फारसे नव्हते, हातात काठी होती. एकदा वाकले आणि वळून चालू लागले. सम्राटाकडे पाठ करून.

हे कॅमेऱ्यात टिपलं गेलं होतं. चित्रफीत लंडनला पोचली. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. सयाजीरावांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून खुलासा केला की गोंधळून गेल्यामुळे तसं झालं, अवमानाचा हेतू नव्हता. इंग्रज अधिकाऱ्यांचा संशय काही गेला नाही. आधीच ते राष्ट्रवाद्यांना आसरा देतात असा त्यांच्यावर डोळा होता. हेतू काय होता यावर अजूनही वाद घालता येतो. पण खास पुत्राच्या पाठीचं ते दृश्य लोकांच्या लक्षात राहिलं आणि १८७७ चा रेशमी झेंडा विसरला गेला.

माझ्या मते या राजचिन्हाचा खरा अर्थ मधल्या चौतीस वर्षांत आणि त्यानंतर घडला. १८९३ मध्ये सयाजीरावांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलींसाठीसुद्धा. १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव ग्रंथालयं उभी केली. फिरती ग्रंथालयंही निघाली. घोड्यावरून चालणाऱ्या राज्याचं पुस्तकांच्या पेट्यांवरून चालणारं राज्य झालं. बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर राहिलेल्या मुलानं हे केलं. ज्या सोनगडला पिलाजीरावांनी मेवासींकडून किल्ला घेतला होता, तिथे आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा निघाली. हिशोब यानं चुकता होत नाही. पण ज्यांच्याकडून काही घेतलं त्यांच्याकडे राज्यानं वळून बघितलं, एवढं तरी झालं.

आणि हे कौतुक तिथेच थांबवून चालणार नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये ठरल्याप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावं लागलं. ओळख कळल्यावर लाठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. राजाची इच्छा एक होती, शहराची दुसरी. ज्या राज्याच्या ब्रीदात 'घर' हा शब्द दोनदा नाही तरी अभिमानानं एकदा येतो, त्या राज्याच्या राजधानीत आपल्या सगळ्यात मोठ्या विद्यार्थ्याला घर मिळालं नाही. 'जिन घर' या ब्रीदाची याहून कडवट टीका मला माहीत नाही.

चिन्ह कोणाचं?

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजचिन्ह उरलं ते राजवाड्यात, जुन्या कागदांवर आणि नाण्यांच्या संग्रहांत. पण ते कसं वाचायचं हे एकदा कळलं की मग कुठलंही चिन्ह तसंच वाचता येतं, अगदी आपल्या फोनमधल्या ॲपचं आणि आपल्या राजकीय पक्षाचंही. तीन प्रश्न पुरतात. हे कोणी काढलं? कोणाला दाखवण्यासाठी काढलं? आणि यात कोणाची आठवण नाही?

बडोद्याच्या बाबतीत उत्तरं वेगवेगळी येतात. खूर आणि तलवार संस्थानानं स्वतःच्या नाण्यावर स्वतः काढली, आपल्या रयतेच्या हातात पडण्यासाठी. रेशमी झेंडा परक्यानं काढला, परक्याच्या दरबारात दाखवण्यासाठी. ब्रीद घराण्याच्या अनुभवातून आलं, पण ज्या गावांनी घासदाणा दिला ती त्यात नाहीत. श्टुटगार्टचा घोडा यापेक्षा वेगळा ठरतो तो इथे : तो कुठल्या एका घराण्याचा नसून सगळ्या गावाचा आहे. तिथल्या शिंप्याचाही आणि कारखान्यातल्या कामगाराचाही. म्हणून राजे गेले तरी तो घोडा आपल्या जागेवर उभा आहे.

उद्या नवापूरकरांनी ठरवलं की आपल्या गावाचं एक चिन्ह नव्यानं काढायचं, तर त्यावर खोगीर असायला हरकत नाही. एका मोठ्या राज्याची सुरुवात तिथल्या मुक्कामानं झाली, हे सांगण्यासारखं आहे. पण त्याच्या शेजारी ताव्हेर्नियेला वास आलेला तो तांदूळ हवा. विणकराचा माग हवा. डोंगरातल्या ज्या लोकांकडून सोनगड घेतलं त्यांचं काहीतरी हवं, आणि ते काय असावं हे त्यांनीच सांगायला हवं. दोन राज्यांत विभागलेला तो स्टेशनवरचा बाकही चालेल. घोड्यावरून गेलेल्यांची चिन्हं पुष्कळ झाली. त्या बाकावर बसून गाडीची वाट बघणाऱ्यांचं एखादं व्हायला हवं.